चाकणचा कांदा आणि दंगलींचा अभ्यास

चाकण म्हटलं की पुणेकराला आज तळेगाव चौकातली कंटेनरची रांग आठवते. 1980 च्या सुमारास मात्र हे नाव पेपरात यायचं ते कांद्याच्या भावासाठी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून शेजारच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आलेल्या शरद जोशींनी इथूनच शेतकरी संघटना उभी केली. मागणी एकच, शेतमालाला रास्त भाव.

दंगलींचे अभ्यासक म्हणून माहीत असलेले राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय याच आंदोलनांच्या वाटेने पुढे गेले. अमेरिकेतल्या एमआयटीतली पीएच.डी., मग हार्वर्ड, मिशिगन, ब्राउन, हे कुठेही वाचायला मिळतं. पण 1995 चं त्यांचं पहिलं पुस्तक शेतीवर आहे. गावाकडे मतं जास्त, संघटनाही दणकट, मग शेतकऱ्याला हवा तो भाव का मिळत नाही? एक कारण सरकारी तिजोरीचं. दुसरं जास्त बोचरं : भावासाठी रस्त्यावर एक होणारा शेतकरी एरवी जात, धर्म, भाषा यांत वाटला गेलेला असतो. संघटनेचे मेळावे आणि त्यानंतरचे निवडणूक निकाल ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढचा प्रश्न यातूनच आला. जात-धर्माची हीच ओळख एका शहरात दंगलीपर्यंत जाते, दुसऱ्यात का जात नाही? राज्यशास्त्रज्ञ स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासोबत वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातल्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या बातम्यांमधून हिंदू-मुस्लिम दंगली टिपल्या. खेड्यांतले मृत्यू 4 टक्क्यांहूनही कमी, आणि मुंबईसह फक्त आठ शहरांत जवळजवळ निम्मे! 2002 च्या पुस्तकात मग दंगली होणाऱ्या अलीगढसमोर शांत राहिलेलं कालिकत, हैदराबादसमोर लखनौ, अशा जोड्या लावल्या. उत्तर असं की व्यापारी संघ, युनियन, पक्ष यांत दोन्ही समाज एकत्र असले तर अफवा तिथल्या तिथे विझते. नुसता शेजारधर्म मोठ्या शहरात पुरत नाही. दंगलींचेच दुसरे अभ्यासक पॉल ब्रास यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते दंगल होत नसते, ती घडवली जाते.

आपल्याकडचं उदाहरण भिवंडीचं. 1970 आणि 1984 मध्ये होरपळलेल्या या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, आणि 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. म्हणजे असं नातं सरकारी खटपटीनेही जुळवता येतं. पण अधिकाऱ्याची बदली झाल्यावर? 2006 मध्ये त्याच भिवंडीत नव्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. दोन पोलीस मारले गेले.