टर्बोला अर्धवट निरोप

टर्बो गाडीची सगळी मस्ती करंगळीपेक्षा बारीक अशा तीन रबरी नळ्यांच्या ताब्यात असते, हे बॉनेट उघडून पाहिलं तरी पटकन पटत नाही.

एक्झॉस्टच्या धुरावर टर्बाइन फिरतं आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर इंजिनात हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोल वाढतं, धूर वाढतो, टर्बाइन आणखी पळतं. याला लगाम म्हणून वेस्टगेट, म्हणजे धुराला टर्बाइन टाळून जाऊ देणारी झडप. ती उघडते एक पत्र्याची डबी. आत पडदा आणि स्प्रिंग. कॉम्प्रेसरकडून नळीने दाब आला की पडदा सरकतो, झडप उघडते. स्प्रिंग 0.5 बारची असेल तर बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, साधारण तिथेच थांबतो.

पण हलकं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तर ते जास्त बूस्टला अवेळी पेटतं आणि इंजिन ठोके देतं, म्हणून स्प्रिंग धास्तीनेच निवडावी लागते. स्वीडनच्या साब कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला यावर एपीसी (ऑटोमॅटिक परफॉर्मन्स कंट्रोल) यंत्रणा आणली: इंजिनाच्या ब्लॉकवर ठोके ऐकणारा सेन्सर आणि नळीच्या वाटेत एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी छोटी झडप. त्याच्या तीन तोंडांवर अक्षरंच कोरलेली असत. ‘सी’ कॉम्प्रेसरकडे, ‘डब्ल्यू’ वेस्टगेटकडे, ‘आर’ परतीची वाट. सोलेनॉइड सेकंदाला अनेकदा उघडझाप करून थोडा दाब ‘आर’कडे वळवतो. खरा दाब 0.8 बार, डबीला निरोप मात्र 0.5 च्याही खालचा! ती बिचारी झडप मिटूनच बसते.

म्हणजे सोलेनॉइड बूस्ट वाढवू शकतो. स्प्रिंगच्या खाली आणू शकत नाही. पुष्कळांची गल्लत इथेच होते.

परतीची नळी एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारं यंत्र) आणि टर्बोच्या मधे जोडतात, कारण ती हवा एकदा मोजून झालेली असते. सोलेनॉइडची वायर तुटली तर ‘सी’ आणि ‘डब्ल्यू’ थेट जोडलेले राहतात. गाडी मरगळते, इंजिन वाचतं. ‘डब्ल्यू’ची नळी निसटली तर मात्र डबीला निरोपच मिळत नाही. झडप बंद, बूस्ट चढतच जातो. तिथली क्लिप मी तरी दोनदा चाचपतो.

नव्याने जोडणी करताना आधी सोलेनॉइड बाजूला ठेवावा आणि कॉम्प्रेसरपासून डबीपर्यंत एकच अखंड नळी घालून गाडी पळवून पाहावी. गेज तेव्हाही 0.5 च्या बरंच पुढे जात असेल तर कॉम्प्युटरला हात लावू नये. गडबड नळीत, डबीत नाहीतर झडपेत आहे.