तारेवरचा नीळपंख आणि बाल्कनीतला नवरंग

भातकापणी उरकली की गोव्यात शेतांकडेच्या विजेच्या तारांवर नीळपंख दिसू लागतो. ब्रिटिश काळापासून त्याला ‘ब्ल्यू जे’ म्हणायची सवय पडली आणि काहींच्या तोंडी ती अजून आहे. पण हा ‘जे’ नव्हे. ‘जे’ हा पक्षी कावळ्याच्या कुळातला, तर नीळपंख खंड्या आणि वेड्या राघूच्या गोतावळ्यातला. भारतात ‘जे’ पक्षी हिमालयात राहतात, गोव्यात नाहीत. इथला त्यांचा भाऊबंद म्हणजे टकाचोर.

युरोपातला ‘जे’ शरद ऋतूत ओकची फळं जमिनीत पुरून ठेवतो. एकच पक्षी हजारो फळं पुरतो आणि हिवाळाभर त्यांवर गुजराण करतो. ओक फळला नाही की मात्र तो घर सोडतो. 1983 च्या शरदात असेच ‘जे’ पक्ष्यांचे थवे ब्रिटनच्या दक्षिण भागात उतरले होते. दरवर्षी ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने होतं ते स्थलांतर. हे भुकेपोटी निघणं वेगळं, आणि ते कधी घडेल याचं पंचांग नसतं.

नीळपंखाचं शेतात येणंही पोटाशी बांधलेलं आहे. भात उभं असतं तोवर नाकतोडे त्यात दडलेले असतात. कापणी झाली की ते उघड्यावर येतात आणि तारेवरून सूर मारून टिपता येतात. म्हणून परतीच्या पावसाने कापणी लांबली आणि एखाद्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, नीळपंख उशिरा दिसला, तर आधी शेताकडे बघावं.

नोंद करताना एक चूक हमखास होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात युरोपीय नीळपंखही आफ्रिकेकडे जाताना पश्चिम भारतातून जातो. आपल्या नीळपंखाची छाती तपकिरी-जांभळट, वर फिकट रेघा. युरोपीयाचं डोकं आणि छाती सलग फिकट निळी, पाठ तांबूस. उडताना पंख पाहावेत. आपल्याच्या पंखांत गडद आणि फिकट निळे पट्टे, युरोपीयाची पिसं मागच्या कडेला काळी. उन्हाच्या विरुद्ध बाजूने काढलेल्या फोटोवर निर्णय देऊ नये, कारण त्यात दोघेही काळपटच दिसतात.

याच दिवसांत घरांच्या बाल्कनीत, जिन्यात एक रंगीत, बुटक्या शेपटीचा पक्षी निपचित बसलेला सापडतो. तो नवरंग. लोकांना वाटतं जंगल तुटलं म्हणून आला. जंगलतोडीची काळजी खरीच आहे, पण हा पक्षी सहसा त्याच्या वेळापत्रकानेच आलेला असतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडे जाताना तो रात्री उडतो, दिव्यांनी गोंधळतो, काचेवर आपटतो किंवा थकून खाली उतरतो.

अशा वेळी पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, त्याला भोकं पाडावीत आणि तळाशी सुती फडकं अंथरावं. पक्षी हलक्या हाताने आत ठेवून झाकण लावावं आणि खोका मांजर, पंखा, मुलं यांपासून दूर ठेवावा. चोचीत पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं आणि पक्षी दगावतो. भात, पोळी काही भरवू नये. तास-दोन तासांनी खोका झाडीजवळ नेऊन उघडावा. अंधार पडला असेल तर पहाटेपर्यंत थांबावं. पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल किंवा पक्षी पायांवर उभा राहत नसेल, तर वन खात्याला कळवावं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तो घरी पाळता येत नाही.

काचेवर गरुडाचं एखादंच चित्र चिकटवून काही साधत नाही. पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि तिथेच आपटतो. ठिपके किंवा पट्ट्या काचेच्या बाहेरच्या अंगाला लावाव्यात, दोन खुणांमध्ये 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा न ठेवता. आतून लावल्या तर काचेत उमटलेल्या माडांच्या आणि आभाळाच्या प्रतिबिंबाखाली त्या लपून जातात.