शेंगाचटणीवरची बंदी आणि आतड्याची भिंत

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘सिग्मॉइड डायव्हर्टिक्युलोसिस’, म्हणजे मोठ्या आतड्याच्या गुदाशयाआधीच्या भागाला (सिग्मॉइडला) बाहेर फुगलेल्या लहान पिशव्या, असं आलं की सोलापुरातल्या घरात पहिली गदा येते ती शेंगाचटणीवर. मागोमाग हुरडा, तीळ, पेरू. दाणा पिशवीत अडकणार, कुजणार, सूज येणार, असा हिशेब. ऐकायला सरळ आहे. पण तो बसला तेव्हा आतड्याच्या भिंतीबद्दल फार थोडं माहीत होतं.

मोठ्या आतड्यावरच्या या पिशव्यांचं नेमकं वर्णन १८४९ मध्ये फ्रान्सच्या क्रुव्हेइये यांनी केलं. आतलं अस्तर स्नायूंच्या फटीतून बाहेर डोकावतं. पिशवीला स्वतःचा स्नायू नसतो, म्हणून ती ‘खोटी’. आकार बहुधा ५ ते १० मिलिमीटर. रक्तवाहिन्या भिंत भेदून आत शिरतात तिथेच ही फट असते, हे पुढे कळलं. १९०४ मध्ये एडविन बीअर यांनी मांडलं की पिशवीच्या मानेत घट्ट मळ अडकतो आणि दाह सुरू होतो. दाण्यांची भीती याच विचाराची नात म्हणायला हरकत नाही.

१९६० च्या दशकात ब्रिटिश शल्यचिकित्सक पेंटर यांनी आतड्याच्या पोकळीतला दाब मोजला. सिग्मॉइड हा मोठ्या आतड्याचा सगळ्यात अरुंद भाग. नळी जितकी अरुंद, तितका भिंतीच्या त्याच ताणात आतला दाब जास्त. आतडं मध्येमध्ये आवळलं की लहान बंद कप्पे तयार होतात आणि दाब तिथेच चढतो. १९७१ मध्ये पेंटर आणि बर्किट यांनी या सगळ्याचं खापर चोथा नसलेल्या आहारावर फोडलं. तोवर अशा रुग्णांना उलट मऊ, बिनचोथ्याचं जेवण दिलं जाई.

तरी एक कोडं उरलंच. शस्त्रक्रियेत काढलेलं सिग्मॉइड जाड लागायचं, म्हणून स्नायू वाढलाय असं धरून चालत. १९८५ मध्ये व्हाइटवे आणि मॉर्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर स्नायूंच्या पेशी नेहमीसारख्याच. वाढलं होतं ते इलॅस्टिन, म्हणजे रबरासारखं ताणलं-आखडलं जाणारं प्रथिन, तेही टीनियात. टीनिया म्हणजे आतड्यावरून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या स्नायूंच्या तीन पट्ट्या. त्यांतलं इलॅस्टिन दुपटीहून अधिक भरलं. परकराची नाडी ओढली की कापड चुण्या होऊन गोळा होतं, तसंच इथे होतं. पट्ट्या आखडतात, गोल स्नायूचे थर मिटलेल्या पेटीच्या भात्यासारखे एकमेकांवर येतात, भिंत जाड दिसते आणि पोकळी अरुंद होते. म्हणजे दाबाआधी भिंतच बदलते, असं मानायला जागा आहे. गुदाशयात या पट्ट्या पसरून सलग थर होतो; तिथे पिशव्या जवळपास होतच नाहीत, हे या चित्राशी जुळतं.

दुसरा धागा कोलॅजनचा, म्हणजे भिंतीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचा. वय वाढतं तशा त्याच्या तंतूंमधल्या गाठी वाढतात, भिंत ताठर होते आणि दाब आला की लवत नाही. मार्फान किंवा एहलर्स-डॅनलॉस असे जोडऊतींचे जन्मजात आजार असणाऱ्यांना तरुणपणीच पिशव्या होतात, त्या उगाच नाही.

रक्तस्रावाचं कारणही भिंतीतच सापडतं. पिशवी बाहेर येताना रक्तवाहिनी तिच्या घुमटावर ताणली जाते. मध्ये उरतं ते पातळ अस्तर. वाहिनी फाटली की पोट न दुखता भरपूर रक्त पडतं. अशा वेळी चटणीचा विचार सोडा, रुग्णालय गाठा.

चटणीचा निकाल २००८ मध्ये लागला. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा १८ वर्षं मागोवा घेतला. कठीण कवचाची फळं आणि पॉपकॉर्न जास्त खाणाऱ्यांत दाह वाढलेला दिसला नाही, उलट कमीच निघाला. शेंगदाण्याची बाजू त्यात बरीचशी लागली. डाव्या ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, अशा दिवसांत मात्र डॉक्टर सांगतील तसं पातळच घ्यावं.

भाकरीचं काय? ज्वारीत १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम चोथा असतो; ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून ५ ग्रॅम मिळतो. चोथा एकदम न वाढवता आठवड्याला एखादी भाकरी अशा बेताने वाढवावा, पाणीही वाढवावं, नाहीतर पोट फुगतं. आखडलेली पट्टी मात्र भाकरीने पुन्हा लांब होत नाही. शिवाय २०१२ च्या एका कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं पाहण्याच्या तपासणीच्या) अभ्यासात कमी चोथा आणि पिशव्या यांचा संबंधच दिसला नाही, त्यामुळे १९७१ चं उत्तर आता तेवढं ठाम राहिलेलं नाही.

दाह ओसरल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी सांगतात, तिचा संबंध याच जाड भिंतीशी आहे. सीटीवर सुजलेलं सिग्मॉइड आणि कर्करोगाची गाठ कधी कधी सारखीच दिसतात. आधी तपासणी न झालेल्या रुग्णाने ती चुकवू नये.