आडव्या सायकलचा तोल

‘चाकं गरगर फिरतात म्हणून सायकल पडत नाही’ हे स्पष्टीकरण अजूनही सर्रास दिलं जातं. २०११ साली नेदरलँड्सच्या डेल्फ्ट आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक प्रयोगाची सायकल बनवली. उलट फिरणारी जादा चाकं लावून त्यांनी तिचा गायरोस्कोपिक परिणाम, म्हणजे फिरत्या चाकाचा आपली दिशा टिकवून धरायचा गुण, जवळजवळ पुसून टाकला. तरी ढकलून सोडल्यावर ती स्वाराशिवाय तोल सावरत गेली, कारण ती ज्या बाजूला कलायची त्याच बाजूला तिचं पुढचं चाक वळायचं.

रिकंबंट सायकल, म्हणजे पाठ टेकून आणि पाय पुढे पसरून चालवायची सायकल, शिकताना ‘कलेल त्याच बाजूला हँडल वळवायचं’ हे फार कामी येतं, कारण ती बुटकी असते. तळहातावर लांब काठी सहज उभी राहते, पेन्सिल मात्र लगेच पडते. गुरुत्वमध्याच्या उंचीला गुरुत्वत्वरणाने भागून वर्गमूळ काढलं की पडण्याचा कालांक, म्हणजे तोल किती झपाट्याने जातो याचं माप, मिळतो. साध्या सायकलसारखी उंची १.१ मीटर असेल तर तो सुमारे ०.३३ सेकंद, ०.६ मीटर असेल तर ०.२५ सेकंद. म्हणजे बुटकी रिकंबंट लवकर कलते आणि तिला चटकन सावरावं लागतं. त्यात वेग निम्मा झाला, तर तेवढंच सावरायला हँडल चौपट वळवावं लागतं. नवशिक्या अगदी हळू निघतो आणि नागमोडी जातो, तो यामुळेच. कंबर हलवून सावरायची सोयही इथे नाही, कारण पाठ सीटला टेकलेली असते.

तेव्हा मोकळ्या जागी, हलक्या उतारावर, हलक्या गिअरमध्ये सुरुवात करावी. पेडलचा जोर पाठीमागची सीट झेलते, त्यामुळे हँडल ओढायची गरजच नसते. ते आवळून धरलं तर प्रत्येक पेडलसरशी सायकल डुलते. खांदे सैल ठेवावेत, नजर लांब ठेवावी.

१९३३ मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फोर हा सायकलपटू अशाच सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ती शर्यतींतून बाद केली. तेव्हापासून तिच्याभोवती बरीच दंतकथा जमली आहे. वेग वाढतो तो वाऱ्याचा विरोध कमी झाल्यामुळे. खड्या चढावर हा फायदा उरत नाही, आणि पेडलवर उभं राहून जोरही लावता येत नाही. ‘पाठदुखी कायमची बरी’ असल्या जाहिरातींवर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

दोन्ही चाकं जवळ असलेल्या आखूड रिकंबंटवर अरुंद वळण घेताना टाच पुढच्या चाकाला लागू शकते. तिथे पेडल मारणं क्षणभर थांबवावं.