कोर्टाच्या पायाखाली

सॅन फ्रान्सिस्कोत सेव्हन्थ स्ट्रीट आणि मिशन स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर कोर्टाची एक जुनी इमारत आहे. बाहेरून ग्रॅनाइट, आत संगमरवर, मोझेक, कोरीव लाकूड. ही काही जागची हलायची नाही, असं बघताक्षणी वाटतं. गंमत म्हणजे ही इमारत जमिनीला घट्ट जोडलेलीच नाही. ती २५६ पोलादी बशांवर टेकलेली आहे आणि मोठा भूकंप आला की तिनं घसरावं, अशाच बेतानं टेकवलेली आहे.

त्या बशांकडे जाण्याआधी थोडा इतिहास पाहू.

आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत एकच जिना आहे. अमेरिकेत दोन आहेत. प्रत्येक राज्याची स्वतःची कोर्टं वेगळी आणि साऱ्या देशाच्या कायद्यासाठी फेडरल कोर्टं वेगळी. ही दुसरी व्यवस्था १७८९ च्या कायद्यानं सुरू झाली. कायदा झाला, न्यायाधीश नेमले गेले, पण बसायला जागा नव्हती. सुप्रीम कोर्टाची पहिली बैठक फेब्रुवारी १७९० मध्ये न्यू यॉर्कच्या एक्स्चेंज इमारतीत, माडीवर भरली. खाली उघडा बाजार होता. पुढे फिलाडेल्फिया, मग वॉशिंग्टनला संसदेच्या इमारतीत दिलेल्या खोल्या. या कोर्टाला स्वतःचं घर मिळालं ते थेट १९३५ साली, म्हणजे १४५ वर्षांचं बिऱ्हाड झाल्यावर! त्यासाठी ज्यांनी जिवाचं रान केलं ते सरन्यायाधीश टॅफ्ट आणि ज्यांनी आराखडा केला ते कॅस गिल्बर्ट, दोघेही इमारत पुरी होण्याआधीच गेले.

सुप्रीम कोर्टाची ही गत, तर खालच्या कोर्टांचं काय? त्यांचं नशीब जकातीशी बांधलेलं होतं. त्या काळात केंद्र सरकारचं मुख्य उत्पन्न म्हणजे बंदरावरची जकात. त्यामुळे सरकारी इमारती बांधायचं काम खजिना खात्याकडे होतं आणि १८५२ पासून त्यासाठी तिथे वेगळी कचेरी होती. एकाच इमारतीत तळमजल्यावर टपाल, वर जकात कचेरी आणि त्याच्याही वर कोर्ट, अशी मांडणी गावोगावी दिसायची. कोर्ट वर का? तर टपालाला लोकांची वर्दळ आणि पोत्यांची चढउतार, म्हणून ते खाली. शिवाय वर उजेड बरा आणि रस्त्याचा गलका कमी.

या कचेरीचे पहिले मुख्य वास्तुविशारद ॲमी यंग. त्यांना धास्ती होती आगीची. कोर्टात जमिनीचे, वारशाचे, कर्जाचे कागद. ते जळाले की माणसाचा हक्कच जळाला. यंग यांनी लाकूड जवळजवळ हद्दपार केलं. खांब बिडाचे, तुळया लोखंडाच्या आणि दोन तुळयांच्या मध्ये विटांच्या छोट्या कमानी. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत मान वर करून पाहिलंत, तर अशीच जॅक आर्चची छतं अजून दिसतील.

लोखंड जळत नाही हे खरंच. पण साधारण ५५० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद निम्म्यावर येते, आणि तापलेल्या बिडाच्या खांबावर एकदम गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो. १८७१ च्या शिकागोच्या आगीत यंग यांचीच ‘अग्निरोधक’ म्हणवणारी इमारत आतून खाक झाली. इमारत पेटणार नाही एवढी काळजी घेतली होती. शेजारचं अख्खं शहर पेटलं तर काय, हा प्रश्न राहून गेला. पुढे लोखंडाभोवती विटा आणि पोकळ भाजक्या मातीचे ठोकळे लावायची पद्धत आली.

न्यू ऑर्लिन्सला वैरी होता खालचा चिखल. मिसिसिपीच्या गाळावर ग्रॅनाइटची प्रचंड जकात कचेरी बांधायला १८४८ साली सुरुवात झाली आणि ती पूर्ण झाली १८८१ ला. फेडरल कोर्टही त्याच इमारतीत असायचं. पायात सायप्रस लाकडाच्या थरांची शय्या होती. कल्पना वेडगळ नव्हती. कायम पाण्याखाली राहिलेल्या लाकडाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ते सहजी कुजत नाही. पण लाकूड टिकलं तरी त्याखालचा गाळ दबत गेला आणि इमारत खचू लागली. अखेर वजन कमी करायला वरचा छज्जा दगडाऐवजी बिडाचा केला. खालून बघणाऱ्याला तो दगडाचाच वाटतो.

याच खजिना खात्यातली एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. १९१५ ते १९३३ या काळात बांधलेल्या शेकडो सरकारी इमारतींच्या कोनशिलांवर जेम्स वेटमोर हे नाव आहे. अनेक गावांत लोक त्यांना थोर वास्तुविशारद समजतात. प्रत्यक्षात ते वकील होते. मुख्य वास्तुविशारदाची खुर्ची त्यांच्याकडे ‘हंगामी’ म्हणून आली आणि तो हंगाम अठरा वर्षं चालला.

आता परत सॅन फ्रान्सिस्को. ही इमारत १८९७ ते १९०५ या काळात बांधली गेली. पोलादी सांगाडा, विटांच्या भिंती, वर ग्रॅनाइट. जागा मात्र दलदलीची, जुन्या ओढ्याच्या वाटेवरची. उद्घाटनाला वर्षही झालं नव्हतं तोच १८ एप्रिल १९०६ ची पहाट उजाडली. ५ वाजून १२ मिनिटांनी जमीन हलली, बाहेरचे रस्ते खचले आणि पाठोपाठ आगी लागल्या. इमारत उभी राहिली. आत असलेल्या टपाल कर्मचाऱ्यांनी बाहेर पडायला नकार दिला आणि टपालाची पोती पाण्यात भिजवून, त्यांनी झोडपून झोडपून आग विझवली. आजूबाजूचा भाग बेचिराख झाला, कोर्ट वाचलं.

या इमारतीचं भारताशीही एक नातं आहे. १९१७-१८ मध्ये गदर चळवळीवरचा ‘हिंदू-जर्मन कट’ खटला इथेच चालला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे याच चळवळीतले. पिंगळ्यांना त्याआधीच, १९१५ साली, लाहोरला फाशी झाली होती. खटल्याच्या शेवटच्या दिवशी भर कोर्टात आरोपी राम सिंग याने सहआरोपी राम चंद्र यांना गोळी घातली आणि मार्शलने राम सिंगला जागीच टिपलं. पुढे १९२६ मध्ये भारतात जन्मलेले वकील सखाराम गणेश पंडित यांचं अमेरिकन नागरिकत्व काढून घ्यायचा सरकारचा प्रयत्न याच इमारतीत बसणाऱ्या नवव्या सर्किट कोर्टानं, म्हणजे फेडरल अपील कोर्टानं, हाणून पाडला.

१७ ऑक्टोबर १९८९ ला ६.९ तीव्रतेचा लोमा प्रीटा भूकंप झाला. या वेळी नुकसान एवढं झालं, की इमारत बंद करावी लागली. अभियंत्यांपुढे पेच होता. नेहमीचा उपाय म्हणजे काँक्रीटच्या नव्या भिंती घालून सांगाडा ताठ करायचा. पण तसं करायचं तर संगमरवर उपटावा लागणार, मोझेक फोडावं लागणार. म्हणजे रोग्याला वाचवायला रोगीच बदलायचा! म्हणून त्यांनी वरच्या इमारतीला शक्य तेवढा कमी हात लावला आणि मुख्य काम तळघरात केलं. खांबाचा भार जॅकवर तोलायचा, खांब कापायचा, मध्ये बशी सरकवायची, भार हलकेच तिच्यावर सोडायचा. असं २५६ वेळा.

या बशीचं नाव फ्रिक्शन पेंड्युलम, म्हणजे घर्षण-लंबक. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाची ती खोलगट बशी असते आणि तिच्यात एक घसरता ठोकळा. कढईत ठेवलेली गोटी आठवा. कढई हलवली की गोटी कडेला चढते आणि आपसूक मध्यावर परत येते. भूकंपात जमिनीबरोबर खालचा भाग सरकतो, वरची इमारत बशीच्या उतारावर थोडी चढते आणि स्वतःच्याच वजनानं परत मध्याकडे येते. ठोकळ्याला टेफ्लॉनसारखं अस्तर असतं. त्याच्या घर्षणात धक्क्याची बरीच ऊर्जा उष्णता होऊन जिरते. छोट्या धक्क्यात किंवा वाऱ्यात घर्षणामुळेच काही हलत नाही.

खरी करामत वेळेची आहे. झोपाळ्यावर एक पोर बसो की तीन, कड्या तेवढ्याच लांब असतील तर एका झोक्याला लागणारा वेळ तोच राहतो. इथे बशीच्या गोलाईची त्रिज्या म्हणजे झोपाळ्याच्या कड्या. समजा त्रिज्या दोन मीटर धरली, तर एक झोका सुमारे २.८ सेकंदांचा होतो, इमारतीचं वजन काहीही असो. पायाशी घट्ट जखडलेल्या चार मजली इमारतीचा स्वतःचा झोका साधारण अर्ध्या सेकंदाचा असतो, आणि भूकंपाचा जोरही बहुतेकदा त्याच्याच आसपासच्या झोक्यांत असतो. ताल जुळला की झोपाळ्याला प्रत्येक वेळी नेमका धक्का बसावा तसं होतं. झोका लांबवला की ताल चुकतो. पायाखाली मऊ गाळ असेल तर जमीनच सावकाश झुलते, म्हणून तिथे त्रिज्या आणखी विचारानं ठरवावी लागते.

आणखी एक फायदा मला सर्वांत देखणा वाटतो. जुन्या इमारती क्वचितच सुडौल असतात. हीसुद्धा मूळची तीन बाजूंची. चौथी बाजू १९३० च्या दशकात जोडलेली. अशा इमारतीचं वजन एकीकडे जास्त, एकीकडे कमी, त्यामुळे धक्क्यात ती पिळवटते. पण बशीवर जितकं वजन जास्त, तितकं तिचं घर्षण आणि मध्याकडे ओढणारं बलही जास्त. जड बाजूला आपोआप जास्त आवर बसतो आणि पीळ कमी होतो.

काम संपायच्या आधीच, १९ एप्रिल १९९५ ला, ओक्लाहोमा सिटीच्या मुरा फेडरल इमारतीसमोर ट्रकबॉम्ब फुटला आणि १६८ माणसं गेली. त्या इमारतीत दर्शनी बाजूला तिसऱ्या मजल्याशी एक मोठी आडवी तुळई होती. वरचे जवळजवळ असलेले खांब तिच्यावर आणि खाली मोजके, दूर दूर असलेले खांब. खालचे खांब जाताच वरचे मजले पत्त्यांसारखे कोसळले. तेव्हापासून नव्या फेडरल कोर्टांच्या आराखड्यात एक खांब गेला तरी बाकीच्यांनी भार पेलावा, हे बघितलं जातं. काचा दुपदरी चिकटवलेल्या, तडकल्या तरी चौकटीत राहणाऱ्या. आणि रस्त्यापासून अंतर, कारण स्फोटाच्या जवळ दाब जवळजवळ अंतराच्या घनाच्या प्रमाणात उतरतो. अंतर दुप्पट केलं की दाब आठवा हिस्सा.

तरीही नवी कोर्टं किल्ल्यांसारखी दिसत नाहीत. बॉस्टनच्या १९९८ च्या कोर्टाला बंदराकडे तोंड करून भलीमोठी वक्र काचभिंत आहे. फिनिक्सला तर वाळवंटात रिचर्ड मायर यांनी सहा मजली उंच काचेचं दालन उभं केलं आणि वरून पाण्याचे बारीक तुषार सोडून हवा गार करायची योजना केली. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, गार हवा जड होऊन खाली उतरते. नागपूरकराला यात नवं काही वाटणार नाही. हा वाळ्याच्या ताट्या नसलेला कूलरच. पण कूलर कोणी उन्हात, काचेच्या पेटीत ठेवत नाही. दालन तापतं ही तक्रार तिथे लवकरच सुरू झाली.

सॅन फ्रान्सिस्कोची इमारत १९९६ साली पुन्हा उघडली. इमारतीला सरकायला जागा हवी, म्हणून अशा ठिकाणी चारही बाजूंनी चर सोडतात आणि वरून सरकत्या पट्ट्यांनी झाकतात. पाण्याच्या, गॅसच्या नळांना वाकते सांधे बसवतात. वकील, पक्षकार रोज ती फट ओलांडून आत जातात.