खूण टिकते तोवर तिकीट : मनोरंजन उद्यानांच्या कागदी आणि प्लास्टिक तिकिटांची पार्श्वभूमी

उन्हाळी सुटीत लातूर, उदगीर, देगलूर, नांदेडकडची कुटुंबे हैदराबादला रामोजी फिल्म सिटी नाहीतर वंडरला बघायला जातात. संभाजीनगर-जालन्याकडची मंडळी खोपोलीच्या इमॅजिकाला जातात. परतल्यावर पाकिटात उरते एखादी मनगटपट्टी, एखादे कार्ड किंवा छपाई उडत चाललेली चिठ्ठी. ‘प्लास्टिकचे दिले असते तर टिकले असते’ असे मग म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. तिकिटाला एक अंग असते, कागदाचे किंवा प्लास्टिकचे, आणि त्यावर एक खूण असते. ती शाईची, उष्णतेने उमटवलेली, चुंबकीय किंवा चिपमधली. तिकीट बाद होते ते बहुतेक वेळा खूण गेल्याने, अंग फाटल्याने नव्हे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत अंग आणि खूण दोन्ही बदलत गेले, पण एकाच वेगाने नाही. घोळ झाला तो तिथेच.

तिकिटाची आजची घडण रेल्वेतून आली. १८३०च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसल अँड कार्लाइल रेल्वेवर काम करणाऱ्या थॉमस एडमंडसन यांनी हाताने लिहून द्यायच्या पावत्यांऐवजी आधीच छापलेली, क्रमांक टाकलेली पुठ्ठ्याची तिकिटे आणली. एडमंडसन मूळचे लाकूडकाम करणारे कारागीर. तिकिटावर तारीख दाबून उमटवणारे यंत्रही त्यांचेच. सुमारे ५७ बाय ३० मिलिमीटर आणि पाऊण मिलिमीटरहून थोडे जाड, हे माप पुढे जगभर रूढ झाले. मराठवाड्यात १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली, १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली, आणि प्रवाशांच्या हातात हीच पुठ्ठ्याची तिकिटे पडू लागली. असे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे तिकीट आजही कुठल्या तरी ट्रंकेत सापडते आणि स्थानकाचे नाव, वर्ग, क्रमांक स्वच्छ वाचता येतो. पुठ्ठा पिवळा पडलेला असतो, कोपरे मऊ झालेले असतात, पण अक्षर हलत नाही. कारण खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत शाई कागदात दाबली जाते, आणि काळ्या शाईतला रंग म्हणजे काजळी, निव्वळ कार्बन. तो ना उन्हाने उडतो, ना पाण्याने. त्याच तिकिटावर रबरी शिक्का असेल तर त्याची जांभळी शाई मात्र बहुधा उडालेली दिसते.

जत्रेतल्या तिकिटाची गोष्ट वेगळी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आकाशपाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआं यांची तिकिटे पातळ रंगीत कागदावर ट्रेडल मशीनवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, छापली जात, शंभराची गड्डी, वर पिन मारलेली, मध्ये छिद्रांची ओळ, एका बाजूला स्थळप्रत. हे तिकीट खिडकीपासून पाळण्याच्या दारापर्यंत, म्हणजे फार तर पाऊण तास जगायचे असते. त्याला मजबुती नको, नेमके फाटणे हवे. छिद्रे फार खोल पडली तर गड्डीतच तिकिटे सुटतात, उथळ पडली तर फाडताना रेघ सोडून क्रमांकच अर्धा होतो. नंबरिंग मशीनच्या चाकात शाई घट्ट झाली की एकच आकडा दोन-तीनदा उमटतो आणि संध्याकाळचा हिशेब जुळत नाही. कालचे तिकीट आज चालू नये म्हणून रोज कागदाचा रंग बदलायचा, ही सगळ्यात स्वस्त सुरक्षा. ती अजूनही चालते.

स्थळप्रत जपण्याचे कारण कर. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम १९२३चा. मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तो इथे लागू झाला नंतर. १ जुलै २०१७ला जीएसटी येईपर्यंत तिकीट हा कराचा पुरावा होता. गिऱ्हाइकाकडचा तुकडा चुरगळला तरी चाले, मालकाकडची प्रत मात्र तपासणीपर्यंत वाचता यायला हवी. त्यामुळे पैसे खर्च होत ते बांधणी आणि क्रमांक यांवर, कागदावर नाही.

कागदाचा विषय निघालाच आहे तर दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचे कागजीपुरा गाव विसरता येत नाही. तुघलकाने १३२७मध्ये राजधानी दौलताबादेस आणली तेव्हापासून इथे हातकागद बनतो असे परंपरेने सांगितले जाते. सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद शतके टिकतो, कारण कापसाचे धागे लांब असतात आणि त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातले धागे बांधून ठेवणारे द्रव्य, जवळपास नसते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद नेमका उलटा. त्यातले लिग्निन उन्हात पिवळे पडते. शिवाय शाई पसरू नये म्हणून १८०७पासून वापरात आलेली राळ आणि तुरटीची खळ कागदात आम्ल ठेवून जाते, ते आम्ल धागे तोडत राहते. घडीवर बोट फिरवताच जुनी पावती तुटते ती यामुळे. १९८०च्या दशकापासून कॅल्शियम कार्बोनेट भरलेला आम्लरहित कागद रुळला. आजचा साधा ७०-८० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो हा छपाईचा कागद म्हणूनच १९६०च्या कागदापेक्षा जास्त जगण्याची शक्यता आहे. जुने ते सोने हे कागदाच्या बाबतीत दरवेळी खरे नाही.

आता उद्यानांकडे. १७ जुलै १९५५ला अमेरिकेत अॅनाहाइमला डिस्नेलँड उघडले. पहिला दिवस निमंत्रितांचा होता, पण बनावट निमंत्रणपत्रिका छापल्या गेल्या आणि सुमारे २८ हजार माणसे आत शिरली. कागदी तिकिटाचे खरे दुखणे त्या दिवशी दिसले: ते फाटते म्हणून नव्हे, सहज छापता येते म्हणून. त्याच ऑक्टोबरात ए, बी, सी अशा कूपनांची पुस्तके आली, १९५६ला डी आणि १९५९ला ई कूपन. प्रत्येक खेळाला एक कूपन फाडून द्यायचे. रचना आपल्या जत्रेचीच, फक्त गड्डी गिऱ्हाइकाच्या हातात. १९८२मध्ये ही कूपने बंद झाली आणि एकाच प्रवेशात सगळे खेळ मिळू लागले.

हे वळण टिकाऊपणाच्या दृष्टीने सगळ्यात मोठे. कूपन काही मिनिटे जगले तरी पुरे. दिवसभराचा पास मात्र सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत घाम, पाणी, खिसा, लहान मुलांचे हात यांतून जायला हवा. अनेक दिवसांचा पास आठवडाभर, वार्षिक पास वर्षभर. प्लास्टिक आले ते या लांबलेल्या आयुष्यासाठी. मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ला आणि वॉटर किंगडम १९९८ला सुरू झाले, शाळांच्या सहली मराठवाड्यातून तिकडे जाऊ लागल्या, आणि पाण्यात कागदाचे काय करायचे हा प्रश्न आपल्याकडेही उभा राहिला.

साधा कागद भिजला की त्याची जेमतेम दहावा हिस्सा ताकद उरते. कागदाचे धागे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि पाणी नेमके तेच बंध सोडवते. लगद्यात ओलसहनाची राळ घातली तर हे बरेच थोपवता येते. पण जलक्रीडेच्या उद्यानांनी वेगळा मार्ग धरला: मनगटपट्टी. तिला सगळे ‘कागदी पट्टी’ म्हणतात, पण ती कागदाची नसते. ते टायव्हेक, म्हणजे पॉलिथिलीनच्या अतिसूक्ष्म धाग्यांचे दाबलेले पत्रे. ड्यूपाँ कंपनीत १९५५मध्ये हा धागा प्रथम लक्षात आला आणि १९६७पासून माल बाजारात आला. हाताने ओढून ती फाटत नाही, पाण्याचा तिच्यावर परिणाम नाही.

बिघडतो तो तिचा चिकट भाग. पट्टी साधारण २५० मिलिमीटर लांब, १९ किंवा २५ मिलिमीटर रुंद. टोकाच्या चिकट भागात मुद्दाम तिरक्या चिरा दिलेल्या असतात, काढायला गेले की पट्टी तिथेच फाटावी आणि दुसऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून. घामेजल्या हातावर पट्टी बांधताना चिकट भाग ओला झाला किंवा सनक्रीमचे बोट लागले की तो अर्धाच धरतो आणि तासाभरात पट्टी पोहण्याच्या तलावात तरंगताना दिसते. उपाय सोपा आहे: कर्मचाऱ्याने आधी हात पुसायला लावावा, पट्टी पट्टीवरच चिकटवावी, कातडीवर नाही, आणि अंगठ्याने आठ-दहा सेकंद दाबून धरावी. केसांवर चिकटली तर संध्याकाळी आरडाओरडा ठरलेला. टायव्हेकवर साध्या बॉलपेनने लिहिलेले नीट बसत नाही, कायम शाईचे मार्कर वापरावे.

वार्षिक पासासाठी पीव्हीसी कार्ड आले, बँकेच्या कार्डाच्या मापाचे: ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर, जाडी ०.७६. सुरुवातीला पाठीवर चुंबकीय पट्टी असे. इथे पुन्हा अंग मजबूत, खूण नाजूक. कमी क्षमतेची पट्टी ३०० ओर्स्टेडची (पट्टी पुसायला किती चुंबकीय जोर लागतो त्याचे हे माप), ती पर्सच्या चुंबकी बटणाने किंवा मोबाइलच्या कव्हरच्या चुंबकाने पुसली जाते. २७५० ओर्स्टेडची पट्टी सहसा नाही. दोन्ही कार्डे दिसायला सारखीच, त्यामुळे ‘कार्ड ठणठणीत आहे, मशीन घेत नाही’ ही तक्रार बहुतेक स्वस्त पट्टीची. पीव्हीसीला उष्णतेचेही वावडे आहे. साधारण ७० ते ८० अंशांना ते मऊ होते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज तापतो. तिथे विसरलेले कार्ड कमान धरते आणि मग वाचकयंत्राच्या फटीत जातच नाही.

चिप असलेली कार्डे १९९०च्या दशकापासून पसरली. १९९४ला मायफेअर चिप आली, १३.५६ मेगाहर्ट्झवर काम करणारी. डिस्ने वर्ल्डने २०१३मध्ये मनगटी मॅजिकबँड आणले. चिपच्या कार्डात कडेकडेने तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेचे वेढे असतात, तोच अँटेना. गळ्यात अडकवायला लोक कार्डाच्या कोपऱ्यात पंच मारतात, वेढा तुटतो, कार्ड बाहेरून नवे आणि आतून मेलेले. भोक हवे असेल तर कारखान्यातूनच जागा सोडलेले कार्ड मागवावे. कागदाच्या दोन थरांत चिप घातलेली तिकिटेही मिळतात. ती स्वस्त असतात, पण मधोमध घडी घातली की तार तडकते. अशा तिकिटावर ‘घडी घालू नका’ हे मराठीत, ठळक छापणे हा फुकटचा टिकाऊपणा आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज थर्मल कागदाबद्दल आहेत, आणि आज बरीच तिकिटे त्याच्यावरच निघतात. एसटीच्या वाहकाच्या हातातले यंत्र, मॉलमधल्या खेळांची खिडकी, लहान वॉटर पार्क, सगळीकडे तोच रोल, ५७ किंवा ८० मिलिमीटर रुंद, वजन साधारण ५५ जीएसएम. यात शाई नसतेच. कागदावरच्या थरात रंगहीन रंजक आणि त्याला रंग आणणारे आम्लधर्मी द्रव्य शेजारी शेजारी असतात. छपाईच्या डोक्याची उष्णता लागली की ते वितळून एकत्र येतात आणि काळे उमटते. म्हणजे काळेपणा हा कागदातल्या रसायनाचा तात्पुरता करार आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी मोडतो. उष्णता लागली तर कोरी जागा काळी पडते. ६०-७० अंशांपासून करडी झाक येऊ लागते. तेल, तूप, हाताचे क्रीम किंवा मऊ पीव्हीसीच्या पाकिटातले प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य, लागले तर काळे अक्षर उडते. प्रकाशाने हळूहळू, तेलाने लवकर.

यावरून दोन चुका रोज होतात. एक, जपून ठेवायचे म्हणून थर्मल तिकीट झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला दिले जाते. यंत्राचे रोलर शंभर अंशांच्या वर असतात, तिकीट बाहेर येते ते पूर्ण काळे. दोन, पारदर्शक, वास येणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या खिशात ते ठेवले जाते आणि काही महिन्यांत अक्षर प्लास्टिकने खाल्लेले असते. प्लास्टिकचे कवच इथे कागदाला वाचवत नाही, तेच त्याला संपवते. ठेवायचेच असेल तर त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढावा किंवा झेरॉक्स घ्यावी. झेरॉक्सच्या भुकटीतला काळा रंग कार्बनचा असतो आणि ती कागदावर भाजून बसते. मूळ तिकीट कागदी लिफाफ्यात, कपाटाच्या आत.

क्यूआर कोड आल्यापासून तिकिटावर खूण एकच, पण तिच्यात दुरुस्तीची सोय असते. १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने तो बनवला. चार पातळ्या आहेत, सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. पातळी वाढवली की चौकोन दाट होतात, म्हणून तिकिटाच्या खिडकीवर १५ किंवा २५ टक्क्यांची पातळी आणि किमान अडीच सेंटिमीटर बाजू हे बरे. कोडभोवती चार चौकोनांएवढी कोरी कड हवीच. जाहिरात बसवायला ती खाल्ली की रांग थांबते. अजिंठा-वेरूळची तिकिटे ऑनलाइन मिळतात, तेव्हा खूण मोबाइलच्या पडद्यावर असते. तिथे टिकाऊपणा म्हणजे बॅटरी आणि उन्हात दिसणारा पडदा, आणि लेण्यांच्या घळीत नेटवर्कचीही खात्री नसते. स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवलेला बरा.

प्लास्टिककडे जाण्याचा ओघ कायद्यानेही थोडा अडवला. महाराष्ट्राची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ची, केंद्राची एकदा वापराच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२पासूनची. केंद्राच्या यादीत निमंत्रणपत्रिकांवरची फिल्म, शंभर मायक्रॉनखालचे बॅनर आहेत, तिकिटाचे किंवा मनगटपट्टीचे नाव नाही. तरी एका दिवसासाठी पीव्हीसी कार्ड काढणे परवडतही नाही आणि शोभतही नाही. एका दिवसाच्या प्रवेशाला पाण्यात टायव्हेक, कोरड्या उद्यानात सव्वाशे-दीडशे जीएसएमचा पुठ्ठावजा कागद आणि ऑफसेट छपाई हे पुरते. पीव्हीसी वार्षिक पासापुरते ठेवावे.

थर्मल वापरणाऱ्या लहान उद्यानवाल्यांना आणखी एक गोष्ट पाळावी लागते. पत्र्याच्या खिडकीत मे महिन्यात कोरे रोलही जुने होतात, छपाई फिकी निघते किंवा कागद आधीच करडा असतो. त्यामुळे हंगामाचा सगळा माल एकदम न घेता महिन्याचाच मागवावा, खोके छतालगत न ठेवता खालच्या फळीवर ठेवावेत, आलेल्या तारखेची नोंद खोक्यावर करून जुना रोल आधी लावावा आणि छपाईचे डोके दर रोल बदलताना स्पिरिटच्या कापसाने पुसून, पूर्ण वाळल्यावरच कागद लावावा.