जैविक सेन्सरसाठी क्वांटम डॉटचा पृष्ठभाग

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहक पदार्थाचा 2 ते 10 नॅनोमीटरचा स्फटिक, आणि 1 नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ह्या कणावर अतिनील प्रकाश टाकला की तो आपल्या ठरलेल्या रंगात चमकतो आणि रंग ठरतो आकारावरून, म्हणजे कॅडमियम सेलेनाइडचा साधारण 2 नॅनोमीटरचा कण निळा आणि 6 च्या आसपासचा लाल, पदार्थ मात्र तोच. एखादं प्रोटीन, साखर किंवा डीएनएचा तुकडा शोधायला हा कण दिव्यासारखा वापरता येतो, पण त्याआधी त्याच्या पृष्ठभागावर बरंच काम करावं लागतं आणि ही नोंद त्या कामाबद्दल आहे. प्रकाश आतल्या स्फटिकातून येतो हे खरं, पण कण पाण्यात टिकेल का, नेमक्या रेणूलाच धरेल का, पेशीला मारेल का, हे सगळं बाहेरची साल ठरवते.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघात अलेक्सी एकिमोव्ह ह्यांनी काचेत आणि अमेरिकेत लुई ब्रूस ह्यांनी द्रावणात आकारानुसार रंग बदलतो हे दाखवलं, मग 1993 मध्ये एमआयटीत मौंजी बावेंडी ह्यांच्या गटाने गरम द्रावणात रसायनं एकदम टोचून एकसारख्या आकाराचे कण बनवायची पद्धत दिली. तिघांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अडचण इथूनच सुरू होते. ह्या पद्धतीने बनलेल्या कणावर टीओपीओ नावाच्या तेलकट रेणूंचं आवरण असतं, त्यामुळे कण टोल्युइन, हेक्झेनसारख्या तेलकट द्रावकांत छान विरघळतो आणि पाण्यात अजिबात नाही, आणि शरीरातलं सगळंच तर पाण्यात चालतं. शिवाय एवढ्या छोट्या कणात अणूंचा मोठा वाटा पृष्ठभागावरच असतो, तिथे बंध अपुरे राहिले की ऊर्जा प्रकाश न देताच विरून जाते. म्हणून आधी कणावर झिंक सल्फाइडचं पातळ कवच चढवतात. 1996 मध्ये हे कवच चढवून साध्या तापमानाला 50 टक्के प्रकाश-उत्पादकता (शोषलेल्या प्रकाशापैकी जेवढा पुन्हा बाहेर पडतो तो वाटा) मिळाली होती, आधीच्या मानाने ती खूपच जास्त.

1998 साली 'सायन्स' ह्या संशोधनपत्रिकेच्या एकाच अंकात दोन गटांनी हे कण पेशींपर्यंत नेऊन दाखवले. बर्कलेच्या गटाने वर सिलिकाचा थर दिला, तर वॉरेन चॅन आणि शुमिंग नी ह्यांनी मर्कॅप्टोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावलं, ज्याचं गंधकाचं टोक झिंकला धरतं आणि दुसरं आम्लाचं टोक पाण्याकडे राहतं. ह्याला लिगँड, म्हणजे कणाच्या पृष्ठभागाला धरून बसलेले रेणू, बदलणं म्हणतात. वर हेक्झेन आणि खाली पाणी अशी बाटली यूव्ही दिव्याखाली धरली तर सुरुवातीला फक्त वरचा थर चमकतो, आणि अदलाबदल नीट झाली की चमक खालच्या पाण्यात उतरते, मधल्या रेषेवर गाळ साचला तर समजायचं की कण एकमेकांना चिकटले. एकाच गंधकाची पकड मात्र सैल असते, लिगँड हळूहळू सुटतात आणि साठवलेलं द्रावण गढूळ होतं. म्हणून नंतर डायहायड्रोलिपोइक अ‍ॅसिड आलं, त्यात दोन गंधक असल्यामुळे कण महिनोन्‌महिने टिकतो, फक्त द्रावण आम्लधर्मी होऊ द्यायचं नाही. दुसरा मार्ग म्हणजे मूळ आवरण तसंच ठेवून वर पॉलिमर गुंडाळणं, त्यात चमक चांगली राहते पण कण जाडा होतो, आणि जाडी इथे फार महाग पडते, ते का हे पुढच्या उदाहरणात दिसतं.

2003 मध्ये अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या गटाने बनवलेला माल्टोज साखरेचा सेन्सर मला ह्या विषयातला सगळ्यात देखणा नमुना वाटतो. माल्टोजला धरणाऱ्या प्रोटीनला त्यांनी हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाची शेपटी लावली, ती शेपटी झिंकवर आपोआप बसते, म्हणून एका कणाभोवती अशी सुमारे 10 प्रोटीनं जमली. प्रोटीनच्या खोबणीत आधी साखरेसारखाच एक रेणू बसवला, ज्याला प्रकाश गिळणारा रंग जोडलेला होता, त्यामुळे कण मंद दिसायचा. माल्टोज आलं की ते त्या रेणूला ढकलून स्वतः खोबणीत बसतं, रंग दूर जातो आणि कण पुन्हा उजळतो, किती उजळला त्यावरून साखर किती ते कळतं. ऊर्जा अशी एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेग अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, अंतर दुप्पट झालं की वेग 64 पटीने कमी, म्हणून आवरण जाड झालं की असा सेन्सर आंधळा होतो.

काचेवर सेन्सर बनवायचा असेल तर काच आधी कडक स्वच्छ करतात, मग अमिनोसिलेन लावून तिच्यावर अमाइन गट आणतात आणि ईडीसी नावाच्या रसायनाने कणावरचे आम्लगट त्यांना जोडतात. काचेवर बायोटिन हे जीवनसत्त्व आणि कणावर त्याला धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रोटीन, ही जोडीही खूप वापरतात कारण तिची पकड निसर्गातल्या सगळ्यात घट्ट पकडींपैकी आहे. कणांच्या द्रावणाचा थेंब काचेवर नुसता वाळू दिला तर कण कडेला जाऊन चहाच्या डागासारखं कडं पडतं, म्हणून ओलावा सांभाळावा लागतो, आणि उरलेल्या मोकळ्या जागा अल्ब्युमिन ह्या प्रोटीनने किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल ह्या पॉलिमरने भरतात, नाहीतर नमुन्यातलं भलतंच प्रोटीन येऊन बसतं आणि खोटा सिग्नल मिळतो. खरी मेहनत ह्या शेवटच्या कामात जाते असं म्हटलं तरी चालेल.

कॅडमियमचा धोकाही पृष्ठभागाशीच जोडलेला आहे. 2004 मध्ये यकृताच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की हवेने किंवा यूव्हीने पृष्ठभागाचं ऑक्सिडेशन झालं की कॅडमियम सुटतं आणि पेशी मरतात, झिंक सल्फाइडच्या कवचाने हे बरंच कमी होतं पण पूर्ण थांबत नाही. म्हणून आता बरेच जण इंडियम फॉस्फाइडकडे वळलेत, त्यात कॅडमियम नाही, पण त्याचाही पृष्ठभाग हवेत लवकर खराब होतो, त्यामुळे त्यावरही झिंक सल्फाइडच चढवतात, आणि कवच तेच असल्यामुळे गंधकाचे लिगँड आणि हिस्टिडीनची शेपटी तिथेही तशीच बसते.